गुरुवारची केळ

"सुखवंते, या केळीले लोखंड नको लावजो. पान काढाचं त हातानं, पिल्लू काढाचं त नखानं माती उकरून. आन गुरुवार चुकवजो नको. हे केळ वाडीत उभी आहे तोवर मी या घरात आहो, असं समजजो."

रुख्माबाई गेल्या त्याला पाच वर्षं झाली. पण दर गुरुवारी सकाळी, हळदीच्या पाण्याचा तांब्या केळीच्या बुडाशी रिता करताना, सुनेला हा आवाज ऐकू येई. मागून यायचा, डाव्या खांद्याच्या जरा वरून, जिथं उभं राहून सासूबाई आयुष्यभर तिच्या हाताकडे बघत आल्या होत्या. सुखवंताला त्याची भीती कधी वाटली नाही. उलट तो ऐकू आला की आजचं व्रत पोचलं, असं ती समजे आणि पदर डोक्यावर नीट घेऊन आत वळे.

आज आवाज आला नाही.

पौषातलं धुकं तलावावरून उठून कामठा गावच्या धानाच्या बांध्यांवर पसरलं होतं. सुखवंतानं चण्याची डाळ ठेवली, गुळाचा खडा ठेवला, निरांजन ओवाळलं, हात जोडून उभी राहिली. थोडा जास्तच वेळ उभी राहिली. मग डोळे उघडून तिनं वर पाहिलं.

केळ तशीच होती. दिवाळीपासून जशी होती तशीच. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा आखूड यायचं, त्याच्यानंतरचं त्याहून आखूड. सगळी अरुंद, ताठ, शेंड्याशी एकमेकांना चिकटलेली, जणू कुणी मुठीत धरून वर ओढली आहेत आणि अजून सोडलेली नाहीत. कुंपणापलीकडच्या शेवग्याचा पाला हलत होता. केळीचं पान हलत नव्हतं.

आणि देठावरच्या त्या खुणा. गडद हिरव्या. ठिपका, रेघ, ठिपका, ठिपका, रेघ. रुख्माबाईंना अक्षर येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या गेरूनं व्रताची नोंद ठेवायच्या: गुरुवार पाळला की ठिपका, सोवळ्याची अडचण येऊन चुकला की रेघ. भिंतीला रंग दिला तेव्हा त्या खुणा गेल्या. आता त्या देठावर होत्या. गेल्या महिन्याभरात सुखवंतानं तीनदा बोट ठेवून त्या वाचायचा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा अर्ध्यात बोट मागे घेतलं होतं.

गुळावर मुंग्या आल्या. आल्या म्हणजे देवानं घेतलं. एकीमागे एक त्या खडा सोडून बुंध्यावर चढू लागल्या आणि पानांच्या बेचक्यात शिरल्या.

"माय," कुंपणापलीकडून उमेंद्रचा आवाज आला. तिचा मोठा मुलगा. "काकाजी येऊन राहिले. आटप ना."

तिनं कुंपणाचं फाटक उघडलं. घरामागच्या वाडीला लागूनच केळीचं वावर. चौदाशे झाडं उमेंद्रनं दोन वर्षांपूर्वी लावली होती. पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणाऱ्या घरात त्यानं बापाशी भांडून केळ आणली. पहिल्या घडांच्या वेळी गोंदियाहून लोक बघायला आले होते. आता धुक्यात रांगाच्या रांगा उभ्या होत्या आणि मधूनमधून बुंध्यांना लाल चिंध्या बांधलेल्या दिसत होत्या. ज्या झाडाला रोग, त्याला चिंधी.

ते लाल तिच्या ओळखीचं होतं.

"हे लुगडं कोणं फाडलं, उमेंद्र?"

"प्राचीनं पेटीतून काढलं. जुनं होतं ना."

रुख्माबाईंचं होतं. झाडांमधून परत येताना तिला वाटलं, सासूबाई त्या वावरात हिंडत आहेत आणि रोज सकाळी आदल्या दिवशीपेक्षा थोड्या पुढं गेलेल्या असतात.

*

घरापुढच्या सपरीत चटया टाकल्या होत्या. सुखवंताचे यजमान बिसनलाल खुर्चीत, मफलर कानावरून गुंडाळून, पाय जमिनीवर घट्ट रोवून बसले होते. धाकटा भाऊ श्यामलाल मोटरसायकलवरून उतरला तो हसतच. त्याचं वावर उमेंद्रच्या वावराला लागून, आणि यंदा त्यानंही पुतण्याचं पाहून सहाशे झाडं लावली होती.

"बोल बापू," तो बसता बसता उमेंद्रला म्हणाला. "सभा तू भरवली, सरपंच तूच हो. आम्ही हात वर कराले आलो."

"काकाजी, मजाक नोको. काल कृषी सहायक येऊन पाहून गेले. बंची टॉप आहे. पर्णगुच्छ म्हणतात. तीनशे अकरा झाडांले चिंधी लागली. तुमच्या बांधाकडची दोन रांग पण गेली."

"मंग तेच त मी सांगून राहिलो! तुह्या त्या काचेच्या बाटलीत वाढवलेल्या रोपांची करामत आहे हे. मायच्या पोटातून आलेलं ते लेकरू, आन बाटलीतून आलेलं ते काय?"

"टिश्यू कल्चरची ती रोपं लॅबमधून तपासून येतात, काकाजी," प्राची दारातून म्हणाली. उमेंद्रची बायको. लग्नाआधी गोंदियाच्या कॉलेजात होती, त्यामुळे श्यामलाल तिला मॅडम म्हणे, पण तिच्याकडे न बघता. तिनं वही आणली होती. वहीत वावराचा नकाशा होता, प्रत्येक झाडाला एक गोल, रोगी झाडाचा गोल लाल, आणि शेजारी तारीख.

"मॅडमनं तर कुंडलीच मांडली," श्यामलाल म्हणाला.

"बघा तरी. रोपांची गाडी जिथं खाली झाली त्या टोकाला एकही लाल नाही. पहिलं झाड वाडीच्या कुंपणाजवळचं. दुसरं त्याच्या मागचं. मग त्याच्या आजूबाजूची पाच. मग पुढं." तिनं बोट वहीवरून हळू सरकवलं. "ते वावरातून घरात आलेलं नाही, काकाजी. घरातून निघून वावरात गेलं आहे."

सगळ्यांच्या माना एकाच वेळी मागच्या दाराकडे वळल्या. दार उघडं होतं. त्यातून वाडीतली केळ दिसत होती, धुक्यात उभी, खांदे आवळून घेतलेल्या माणसासारखी.

"माह्या मायची केळ आहे ते," बिसनलाल म्हणाले.

"मालूम आहे, बाबूजी."

"मालूम आहे त पुढचं बोल नोको."

उमेंद्र पुढचं बोलला. आवाज त्यानं खाली ठेवला होता, पण मांडीवरची बोटं घट्ट आवळली होती. "याले औषध नाही. झाडाले लागलं ते लागलं. मावा म्हणून कीड असते ते पसरवते, काळी, बारीक, पानाच्या बेचक्यात लपते. म्हणून पयले फवारा माराचा. तसंच झाड पाडलं त मावा उडून बाजूच्यावर बसते. मंग कंदासकट खणाचं, तुकडे कराचे, वाळवाचे. एक पिल्लू मातीत राहिलं का सारं वाया."

"आन जे हिरवे आहेत?" श्यामलालनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"त्याइच्यातही असू शकते. कधी महिना-दोन महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही आत राहते, वरून दिसत नाही. झाड आपलं हिरवंगार उभं."

हे ऐकून सपरीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तीनशे खण, पाचशे खण," बिसनलाल म्हणाले. "सारं वावर साफ कर, मी हातभार लावतो. वाडीत पाय नाही टाकाचा."

"मंग वावर साफ करून उपेग काय? मावा वाडीतून पुन्हा येईन!"

"दादा बरोबर बोलून राहिले," श्यामलाल भावाकडे सरकला. घटकाभरापूर्वी तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. "अरे, आपले बापजादे मालव्यातून निघाले तवा नर्मदेकाठचा कंद गोणपाटात घालून आणला. बैलगाडीत. रस्त्यानं माणसं मेली पण कंद सोडला नाही. या घरच्या हरेक पोरीच्या ओटीत तिचं पिल्लू गेलं. अन् तू तिले फवारा मारतं?"

"ठीक आहे," उमेंद्र उठला. "तुम्ही केळ सांभाळा, मी गोंदियाले जातो. प्राचीचा मामा दुकान देऊन राहिला. होळीच्या आधी जातो. लेकरू तिकडच्याच शाळेत टाकतो."

सुखवंतानं प्राचीकडे पाहिलं. प्राचीनं मान खाली घातली. म्हणजे हे आजचं बोलणं नव्हतं. झालेलं होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं.

"जा," बिसनलाल म्हणाले. पण मफलरची गाठ सोडून त्यांनी ती पुन्हा बांधली.

"आई," प्राची म्हणाली, "तुम्ही बोला ना काही."

सगळे तिच्याकडे बघू लागले. चाळीस वर्षांत या सपरीत तिला कुणी असं विचारलं नव्हतं. दिराला वाटत होतं ती सासूची बाजू घेईल, मुलाला वाटत होतं ती त्याची घेईल. सुखवंता उठली.

"चहा ठेवतो," ती म्हणाली आणि आत गेली.

*

प्राची मागोमाग आली. चुलीपाशी न बसता ती उभी राहिली.

"आई, एक सांगू? रागवू नका. केळीशी गूळ ठेवणं बंद करा. मुंग्या माव्याला राखतात. गुराख्यानं गाई राखाव्या तशा. त्याच्या अंगातला गोड रस पितात, त्याला कोवळ्या पानाशी नेऊन ठेवतात. गूळ खायला येतात आणि तिथंच राहतात."

सुखवंताच्या हातातलं दुधाचं भांडं तसंच राहिलं. दर गुरुवारी ती त्या रांगेला मनोमन नमस्कार करत आली होती.

"म्हणजे मीच पोसलं त्याले. तीन वर्षं."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं." प्राची जायला वळली आणि थांबली. "तीन का? आजी जाऊन तर पाच वर्षं झाली ना. गूळ तर तुम्ही तेव्हापासूनच ठेवता."

दूध वर आलं, सांडलं, निखाऱ्यांवर चर्र झालं. दोघींपैकी कुणीही भांडं उतरवलं नाही.

"तीन वर्षांपूर्वी काय झालं, आई?"

सुखवंतानं पदरानं हात पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुन्हा पुसले. मग चहा न घेताच ती सपरीत आली आणि खाली, जमिनीवर बसली. चटई सोडून.

"ते केळ मामीची नाही," ती म्हणाली. सासूला ती जन्मभर मामीच म्हणत आली होती.

"काय?" बिसनलाल म्हणाले.

"मामीची केळ मेली. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. श्रावणात वारा आला, पाणी साचलं, बुडाशी सडली. तुम्ही नागपूरले होते, डोळ्याच्या आपरेशनले. हा वावरात. मी सकाळी गेलो त आडवी पडली होती. हात लावला त चिखलासारखी हातात आली."

तिनं तळहात मांडीवर उपडा ठेवला.

"मले त्याइचं बोलणं आठोलं. केळ आहे तोवर मी आहो. आन तुमचा डोळा पट्टीत. मी म्हटलं, यायले कोण्या तोंडानं सांगू? मी ते गोळा करून तिथंच खोल खड्ड्यात पुरलं. चार दिवसांनी कोहमाऱ्याले लग्नाले गेलो होतो, येताना गाडी धाब्यापाशी थांबली. मागं भांडे घासाच्या पाण्यात केळीचं बन होतं. एक पिल्लू लहान होतं. कोणी पाहत नव्हतं. उपटलं, पदराखाली घेतलं, आन पहाटे त्याच जागी लावलं."

इतकं ती एका श्वासात बोलली. नंतर ती स्वतःच दचकली, कारण बोलणं संपलं तरी छत जागच्या जागी होतं.

पहिला आवाज श्यामलालच्या घशातून आला. हसू होतं की ठसका, कळलं नाही. "म्हणजे, वहिनी... तीन वर्षं आम्ही धाब्याच्या केळीले हात जोडून राहिलो? परवा माह्या बायकोनं नवस बोलला तिथं!"

"काकाजी!" प्राची म्हणाली.

"नाही, मी म्हणतो, नर्मदाकाठ कुठी अन् कोहमारा कुठी..."

"चूप, श्याम," बिसनलाल म्हणाले.

श्यामलाल आता भावाकडून सरकून उमेंद्रच्या चटईवर येऊन बसला होता. उमेंद्र मात्र आईकडे बघत होता, आणि त्या नजरेत तिला वाटली होती तशी सुटका नव्हती. "माय, दिवाळीपासून मी विचारून राहिलो हे कुठून आलं. रात्रंदिवस विचारून राहिलो. तुह्यासमोर. रोपवाल्याले शिव्या घातल्या मी, त्याचे पैसे अडवले. तू कढी वाढत होती अन् ऐकत होती."

"हो," सुखवंता म्हणाली.

"काऊन नाही सांगतलं?"

तिनं रोज सांगायचं ठरवलं होतं. पण दर गुरुवारी तो आवाज यायचा, आणि चोरून लावलेल्या केळीपाशीही तो येतो म्हणजे सासूबाईंनी ती केळ स्वीकारली, असं तिला वाटायचं. आज सकाळी आवाज आला नाही, हे कुणाला सांगून समजणार होतं?

बिसनलाल उठले. भिंतीशी टेकवलेली कुदळ त्यांनी घेतली.

"मंग लोखंड लावाले काही हरकत नाही," ते म्हणाले. बायकोकडे न बघता ते मागच्या दारातून उतरले.

*

"आधी फवारा, बाबूजी! थांबा!"

उमेंद्र पंप पाठीवर घेऊन धावला. धुकं विरत होतं आणि ऊन पांढुरकं, बिनतापाचं पडलं होतं. फवारा बुंध्यावर, बेचक्यांत, बुडाशी बसला. औषधाचा कडवट वास पसरला. थोड्या वेळानं बेचक्यांतून काळे कण गळू लागले. मुठीनं तीळ सांडावेत तसे. आणि मुंग्या बाहेर आल्या; रांग मोडून, सैरावैरा, तोंडात पांढरं काहीतरी धरून.

बिसनलालनी पहिला घाव घातला. केळीचा बुंधा कापताना लाकडाचा आवाज होत नाही. ओल्या कपड्यावर मारावं तसा होतो. झाड पडलं आणि तरीही शेंड्याची पानं घट्ट मिटलेलीच राहिली. तिघा पुरुषांनी मिळून कंद मोकळा केला. पिल्लं सात होती. तीही ताठ, आखूड, बोटांएवढ्या पानांची. उमेंद्रनं एकेक मोजून बाजूला ठेवलं.

"अजून खाली आहे," श्यामलाल म्हणाला. खड्ड्यात तो गुडघ्यांवर बसला होता. त्याचा आवाज बदलला होता. "दादा, इकडे या जरा."

खड्ड्याच्या तळाशी, कुजून काळ्या झालेल्या मातीत, जुन्या कंदाची एक फोड होती. सुखवंतानं स्वतः पुरलेली. तिला ती मेलेली म्हणून ठाऊक होती. त्या फोडीतून एक कोंब वर आला होता. वीतभर. उजेड न लागल्यानं पांढरा, आणि बुडाशी लालसर. तीन वर्षं दुसऱ्या केळीच्या मुळांखाली तो तिथंच, वर यायला वाट शोधत वाकडातिकडा वाढला होता.

रुख्माबाईंच्या केळीच्या पिल्लाला बुडाशी लाल छटा असायची. घरातल्या सगळ्यांनी ती ओळखली.

"माय," बिसनलाल म्हणाले. कुणाला उद्देशून, ते समजलं नाही. त्यांनी कुदळ खाली ठेवली आणि हात पुढं केला, पण कोंबाला लावला नाही. "हे ठेवून देऊ. उमेंद्र, हे एक. कुंडीत ठेवू, दूर ठेवू, वाटलं त..."

इतका वेळ भांडत आलेला उमेंद्र खड्ड्यापासून एक पाऊल मागे सरला. श्यामलाल म्हणाला, "काढाचं नाही हे, बापू. मी सांगतो." पुन्हा बाजू फिरली होती. खड्ड्याशी तीन पुरुष, आणि तिघांनाही ते पांढरं, ओलं बोटासारखं जे काही होतं ते तसंच राहावं असं वाटत होतं.

"मुळं एकमेकांत आहेत," प्राची हळू म्हणाली. "मावा मुळाशीही बसतो. यात नसेल असं कोण सांगेल? वरून दिसत नाही."

सुखवंता खड्ड्यात उतरली. थंडी तिच्या पावलांतून वर चढली. ती वाकली, दोन्ही हातांनी माती बाजूला केली, कंदाची फोड पकडली. गरम होती. किंवा तिचे हात गार होते. ती फोड जुनी माती जोरानं धरून होती. तिनं बोटं आत घातली, नखांत माती गेली, आणि ओढलं. कोंब कडेला मोडला आणि त्यातून पाणी आलं, पुष्कळ पाणी, तिच्या मनगटांवरून कोपरापर्यंत. तिनं त्याचे तुकडे केले. हातांनी, बारीक, एकही तुकडा पुन्हा उगवणार नाही इतके.

बिसनलाल पाठ फिरवून उभे होते. खांदे हलत होते. ती वर आली तेव्हा त्यांनी तिला हात दिला, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या हाताला त्यांचा हात असा ओला कधी लागला नव्हता.

*

जेवणं कुणी धड केली नाहीत. उमेंद्र आणि श्यामलाल वावरात फवाऱ्याला लागले. काका पुतण्याला विचारून विचारून रांगा धरत होता. प्राचीनं वही सुखवंतापुढं ठेवली.

"आई, आता एकच सांगा. या केळीची पिल्लं कुणाकुणाला दिली?"

"एकीलेच." सुखवंता म्हणाली. "दुर्गीले."

दुर्गेश्वरी, तिची मुलगी. दोन वर्षांपूर्वी बिदाईच्या वेळी पिवळ्या फडक्यात बांधून पिल्लू तिच्या ओटीत घातलं होतं. सालेकशाजवळच्या सासरी तिनं ते अंगणात लावलं. प्राचीनं फोन लावून दिला.

"दुर्गे, तुह्या अंगणातली केळ कशी आहे?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज. "तुले कोणं सांगतलं, माय?"

"कशी आहे ते सांग."

"पानं वर उभी राहिली. आखूड आखूड. घड नाही. सासू रोज पाहते अन् मले पाहते." तिचा आवाज बारीक होत गेला. "म्हणते, पोटात लेकरू राहत नाही अन् केळीले घड येत नाही, माहेरून काय घेऊन आली ते दिसूनच राहिलं. आता त सासऱ्याच्या बागेत पण चार झाडं तशीच झाली."

सुखवंतानं डोळे मिटले.

"माय, खणून काढाले मी कशी सांगू? मी सांगतलं त म्हणतीन, आणली बी हिनंच, मारली बी हिनंच. मी नाही सांगत. मले भेव लागते. हे झाड रातच्याले खिडकीतून आत पाहते, माय."

"तू काही नको सांगू. तोंड नको उघडू," सुखवंता म्हणाली. "मी येतो. तुह्या सासूले मीच सांगतो, तुह्यासमोर, सारं. कोहमाऱ्यापासून."

"सारं? अन् त्याइनं चार लोकांत सांगतलं त?"

"सांगू दे."

"कवा येतं?"

"दिवा लागाच्या आत तुह्या दारात असीन. वचन आहे माहं."

फोन ठेवून तिनं लुगडं बदललं. मातीनं भरलेली नखं दोनदा घासली, तरी कडांना काळी रेघ राहिली. प्राची सोबत येते म्हणाली. सुखवंतानं नाही म्हणून मान हलवली. "तू इथी पाहिजे. वही तुह्याजवळ आहे." औषधाची बाटली पिशवीत टाकून किती पाण्यात किती घालायचं हे तिनं प्राचीकडून दोनदा म्हणवून घेतलं. बिसनलाल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून ती क्षणभर थांबली.

"दुर्गीकडे जातो," ती म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं नाही. पण म्हणाले, "शाल घे. तिकडं थंडी लय असते जंगलात."

सालेकशाच्या वाटेवरच्या आमगावला जाणारी काळीपिवळी जीप फाट्यावर थांबते. तिथपर्यंतची वाट गावातूनच जाते, आणि सुखवंता ती हजारदा चाललेली होती. आज प्रथमच तिनं पाहिलं, किती दारांत केळ आहे. हौदाशी, मोरीच्या पाण्यावर, तुळशीच्या मागं. ही कुणी कुणाला दिली, ती कुणी कुणाकडून आणली, हे गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. ती प्रत्येकीच्या शेंड्याकडे बघत चालली. मोकळी पानं. मोकळी. वाऱ्यानं फाटलेली, लोंबणारी, हलणारी.

शेवटच्या घराशी तिची पावलं मंद झाली. त्या घराला तिनं कधी काही दिलं नव्हतं. अंगणात सूप घेऊन बसलेली बाई म्हणाली, "काय व सुखवंताबाई, कुठी?" आणि तिच्या मागं केळ उभी होती, पानं मिटून, शेंडा आभाळाकडे आवळून.

फाट्यावर गाडीनं भोंगा वाजवला.

"लेकीकडे," सुखवंता म्हणाली. "उद्या तुह्याकडे येतो. तोवर या केळीचं पिल्लू कोणाले देजो नको." आणि शाल खांद्यावर ओढून ती गाडीकडे चालू लागली.